आईच्या मापाचा शर्ट

आमच्या वाडीत बाईने पुरुषाचा शर्ट घालायला कुणाचीही हरकत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शहरातली माणसं लगेच मान हलवतील, की बघा, खेड्यात बायकांना शर्टसुद्धा घालू देत नाहीत. तसं काही नाही. काजूच्या दिवसांत कट्टा गावाच्या पुढच्या थांब्याला एस.टी.तून उतरा आणि आमच्या पाणंदीने वर या. प्रत्येक बागेत झाडाखाली एक शर्ट वाकलेला दिसेल आणि त्या शर्टात एक बाई असेल. साडी किंवा गाऊन, त्यावर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. कुणी हसत नाही, कुणी वळून बघत नाही.

अट एकच. तो शर्ट नवऱ्याचा पाहिजे आणि नवऱ्याचा वापरून झालेला पाहिजे. कॉलर विटली, बगलेत उसवला, मुंबईला परत जाताना त्याने खुंटीवर तसाच सोडला, की तो बायकोचा. आधी त्याच्या अंगावरून उतरायचा, मग तिच्या अंगावर चढायचा. नवा शर्ट बाईने स्वतःसाठी दुकानात जाऊन घ्यायचा, हे आमच्याकडे कुणी मना केलेलं नाही, कारण असं काही कोणी करेल हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

आता मला सांगा, नवराच नसेल तर?

माझे वडील वारले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी त्यांचे कपडे देऊन टाकायचं ठरवलं होतं. धोतर, पॅन्ट, लग्नातला कोट, सगळं गेलं. आईने शर्टांचा गठ्ठा तेवढा पलंगाखाली ढकलला. कुणी विचारलं तर म्हणाली, "कामाक येतले." लोकांना वाटलं, आठवण म्हणून ठेवते आहे. वाटू दे. आठवण असेलही, मला ते विचारायचं धाडस कधी झालं नाही. पण आई खरं तेच बोलत होती. ते शर्ट कामाला लागणार होते आणि लागले. दर मोसमात एक-एक करून तिने ते बागेत झिजवले. चौकडीचा, मग पट्ट्यांचा, मग तो क्रीम रंगाचा जो ते पंचायतीच्या सभेला घालायचे. शेवटचा उरला तो आकाशी. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापासून गेल्या आणि मागच्या मोसमात आई बागेत उघड्या हातांनी उतरली.

ज्यांनी काजूगर फक्त वाटीत पाहिले आहेत त्यांना सांगायला हवं. ओल्या बीच्या सालीत चीक असतो. तो कातडीला लागला की भाजतं. आधी काही कळत नाही, संध्याकाळी खाज सुटते, दुसऱ्या दिवशी काळा डाग पडतो आणि मग कातडी सोलून निघते. बी झाडावरून काढताना लागतो, आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, चिरताना उडतो. आई बोटांना राख आणि खोबरेल लावून बसते, म्हणून बोटं निभावतात. पण दंडापर्यंत कोण राख लावणार? त्या मोसमात आईचे हात मनगटापासून कोपरापर्यंत डागांनी भरले. रात्री ती हात गोधडीच्या बाहेर ठेवून झोपायची. मालवणात पर्यटकांसमोर ओले काजूगर पानावर मांडून बसते तेव्हा पदर पुढे ओढून हात झाकायची. एकदा एका बाईने ते डाग बघून काजूगर परत टोपलीत टाकले. हात पुसला आणि निघून गेली. आई मला हे सांगताना हसली. मला नाही हसू आलं.

आणखी एक. शर्टाला खिसा असतो. आमची बाग उतारावर आहे, पलीकडे करवंदीची दाट जाळी, साप निघतात, आणि आई दिवसभर एकटी असते. फोन खिशात असला तर मी निश्चिंत असते. साडीला खिसा नाही, ब्लाऊजला नाही, गाऊनला नाही. ब्लाऊजमध्ये ठेवलेला फोन घामाने बिघडला आणि एक अख्खी दुपार आई फोन उचलेना म्हणून मी मालवणातून रिक्षा करून बागेत आले. आई झाडाखाली भाकरी खात बसली होती. "काय गो, कोण मेला?" म्हणाली.

म्हणजे तिला काय हवं होतं? लांब बाह्या, मनगटावर बटण, मानेला कॉलर, जाड सुती कापड आणि एक खिसा. हे सगळं एकत्र ज्या कपड्यात मिळतं त्याच्यावर "जेन्ट्स" असं लिहिलेलं असतं. एवढाच काय तो गुन्हा.

मी आधी सरळ मार्गाने गेले. लेडीजमध्ये काय मिळतं ते शोधलं. स्कूटरवाल्या मुली घालतात तो सनकोट आणला, पांढरा, त्यावर गुलाबी फुलं, अंगठा घालायला भोक. सकाळी आई तो घालून गेली आणि दुपारी करवंदीच्या काट्याला त्याची एक बाही ठेवून आली. चीक तर त्या पातळ कापडातून सरळ आत गेला. उरलेला कोट तिने पणत्या पुसायला घेतला. बायकांच्या कपड्यांत बायका काम करत असतील हे ते शिवणाऱ्याच्या गावीच नाही. बाई उन्हात जाते ती फक्त काळी पडू नये म्हणून अंग झाकते, एवढंच त्याला माहीत. अहो, ह्या किनाऱ्यावर कालवं फोडते कोण, मासळीच्या पाट्या उचलते कोण, लावणीला दिवसभर चिखलात उभी कोण असते? आणि तिच्यासाठी दुकानात काय, तर फुलाफुलांचा सनकोट, जो वाकल्यावर पाठीत फाटतो.

मी ह्या विषयावर पत्रक लिहिलं होतं. आमचा चार-पाच जणींचा गट आहे, बाजाराच्या दिवशी आम्ही पत्रकं वाटतो. त्यात मी लिहिलं होतं, की आपल्या बाजारात निम्मा माल खोटं बोलून विकत घेतला जातो. तुम्हीच आठवून बघा. एक रिक्षावाला गोरं करणारी क्रीम मागतो आणि न विचारताच बायकोचं नाव पुढे करतो, "बायलेक होयी." दुसरा एकजण लेडीज छत्री घेतो कारण ती मिटली की सीटखाली मावते, आणि पाऊस पडला तरी ती उघडत नाही कारण तिच्यावर मोर आहेत. मी खाडीकाठच्या वाऱ्यात उलटी होणारी घडीची छत्री अडगळीत टाकून लांब दांड्याची काळी घेतली, तर एस.टी.चा कंडक्टर रोज विचारतो, "आजोबांची आणलंस काय गो?" दुकानदार मला भावासाठी का म्हणून विचारतो. मला भाऊ नाही. तरी एकदा मी "हो" म्हणून टाकलं होतं, कारण मागे रांग होती.

आईने ते पत्रक वाचलं, घडी घातली आणि त्यावर सुकी मासळी ठेवली. म्हणाली, "बरा लिवलंस. पण शर्ट काय पत्रकातसून येवचो नाय."

म्हणून आम्ही शर्ट घ्यायला निघालो.

आईचं म्हणणं, मालवणात जाऊ. तिथे गर्दी असते, ओळखीचं कुणी नाही, कुणासाठी म्हणून कोण विचारत बसतो. माझं म्हणणं, कट्ट्यालाच घ्यायचा. चोरी करतो आहोत का? आई म्हणाली, "तुका काय जाता? तू पत्रक वाटून गावभर फिरतस. हयसर मी रवतंय." पण त्या दिवशी मालवणची गाडी चुकली आणि कट्ट्यापर्यंतच जाणाऱ्या गाडीने आम्ही कट्ट्यालाच उतरलो. तिथे कपड्याचं एक जुनं दुकान आहे. डाव्या हाताला साड्या, उजव्या हाताला जेन्ट्स, मध्ये गल्ला. आई सवयीने डावीकडे वळली. मी तिला कोपराला धरून उजवीकडे आणलं.

दुकानदार आम्हाला ओळखतो. आमच्या घरात कोण आहे, कोण नाही, सगळं त्याला ठाऊक. तरी त्याने विचारलंच.

"कोणाक होयो?"

मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "भावाक."

"तुझ्या भावाक?" त्याने काउंटरवर ठेवलेल्या बॉक्सकडे बघितलं. तो आईनेच बोट दाखवून काढायला लावला होता. "अगो, तुझो भाऊस माका म्हायत नाय? तेका हो शर्ट एका हाताक पुरात!"

खरं होतं ते. माझा मामा दारातून आडवा होऊन आत येतो. दुकानात बसलेली दोन माणसं हसली. साड्यांच्या बाजूला आमच्या वाडीतली एक बाई फॉल निवडत होती, आमच्या घरापासून तिसऱ्या घरातली. तिने हातातला फॉल तसाच धरून मान वळवली. आईचे कान लाल झाले. मला ते बघवेना.

"शर्ट आईला हवा आहे," मी म्हणाले. मी चिडले की माझी मालवणी जाते आणि कचेरीतली मराठी येते. "ती बागेत घालणार आहे. तिच्या मापाचा दाखवा."

मग दुकानदार आईकडे बघून, अगदी मायेने बरं का, म्हणाला:

"मगे खंयचो तरी जुनो घे गो. नवो कित्याक नासवतस?"

नासवतस.

हा शब्द मी विसरायला तयार नाही. तोच शर्ट एखादा पुरुष घेऊन गेला, दारू पिऊन गटारात पडला, तरी तो वापरला. आई त्यात दिवसभर राबली, त्यातून घर चाललं, तर तो नासला. दुकानदार वाईट माणूस नाही. वडील गेले तेव्हा दुकान बंद करून आला होता. म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. हे असं प्रेमाने, काळजीने, तुझ्याच भल्यासाठी म्हणून सांगणारं माणूस, त्याच्याशी कसं भांडायचं?

मी म्हणाले, "नवाच पाहिजे. आणि ती घालून बघणार."

"ट्रायल रूम जेन्ट्सची आहे," तो म्हणाला. आता त्याचीही मराठी कचेरीतली झाली होती.

"त्यात आत्ता कुठला जेन्ट्स आहे?"

"नको गो," आई पुटपुटली. तिने बॉक्स उघडून शर्ट बाहेर काढला, तो खांद्याला लावूनही बघितला नाही. नुसती बाही आपल्या हातावर पसरली, खांद्यापासून मनगटापर्यंत. भाकरीचं पीठ पुरेल का ते बघावं तसं बघितलं. "हो बसात," म्हणाली. निळा, बारीक चौकडीचा. डाव्या छातीवर खिसा. दुकानदाराने तो पुन्हा बॉक्समध्ये घातला. बॉक्सवर टाय लावलेला एक गोरा बाप्या दात दाखवत होता. सगळ्या रस्त्याने आईने तो बॉक्स बाप्याचं तोंड आपल्याकडे येईल असा धरला.

मला वाटलं, झालं. घेतला, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या सभेहून घरी आले तर आई मागच्या पडवीत बसली होती. मांडीवर नवा शर्ट, शेजारी बोंडवांची, काजूच्या फळांची, टोपली. पिकलेलं बोंडू हातात घेऊन ती शर्टावर घासत होती. बोंडवाचा रस कापडाला लागला की जन्मात जात नाही, लहान पोरांनाही हे माहीत असतं, सणाचे कपडे घालून बोंडू खाल्लं की पाठीत धपाटा मिळतो. आणि आई कॉलरवर, बाहीवर, खिशाखाली, शांतपणे, चांगलं पिळून पिळून डाग पाडत होती. कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी काढून बाजूला ठेवली होती. वरचं एक बटण तोडलं होतं.

"आई, काय करतस ह्या?"

"जुनो करतंय."

मी ओरडलेच. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण हक्क, स्वाभिमान, गुलामगिरी असे शब्द त्यात होते. पत्रकातले सगळे. आईने बोंडू खाली ठेवलं.

"बोलान झाला? आता माझा आयक. हो शर्ट मी धुतलंय, की सुकत घालतलंय खंय? भायर दोरयेर. रस्त्यावरसून जाणारी-येणारी बघतली. हयसर बापयमाणूस नाय, सगळ्यांका म्हायत आसा. बापाशीचे शर्ट सगळ्यांच्या वळकीचे होते. आता नवो कोरो शर्ट दोरयेर दिसलो, तर ती काय इचारतली? कोणाचो, म्हणान इचारतली. कोण येता, म्हणान इचारतली. तुका कळता काय मी काय सांगतंय ता?"

मला कळलं. मी खाली बसले.

हे माझ्या पत्रकात नव्हतं. मी दुकानापर्यंत विचार केला होता. दुकानदाराचं तोंड, लेबल, बॉक्सवरचा बाप्या, इथपर्यंत. धुतलेला शर्ट सुकवायला लागतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विधवेच्या दोरीवर पुरुषाचा नवा शर्ट. त्याची सावली अंगणात पडली तरी तिला पाय फुटणार आणि ती वाडीभर फिरणार. एवढी साधी गोष्ट आहे. हात भाजू नयेत म्हणून बाईने कापड अंगावर घालायचं, तर तिने आधी सिद्ध करायचं की त्या कापडात पुरुष नाही. आणि नवऱ्याचं जुनं घातलं तर कुणी काही सिद्ध करायला सांगत नाही, कारण त्यात मेलेला का होईना, एक मालक असतो.

मला आईचा राग आला होता, तो मी कुठे ठेवू ते कळेना. तिच्या हातातलं बोंडू ओढून घरामागच्या परड्यात भिरकावलं. आईने टोपलीतून दुसरं घेतलं.

आणि एवढं करून काय झालं? काही उपयोग नाही. फॉल निवडणारी बाई आमच्याआधी घरी पोचली होती. शर्ट बागेत जाऊन आला, आईने धुतला, घराच्या मागच्या बाजूच्या दोरीवर सुकत घातला. बोंडवाचे डाग अंगभर, पण घडीच्या रेषा अजून ताठ, अगदी दुकानातल्या. तिसऱ्या घरातली ती बाई साखर मागायला मागच्या दाराने आली. आमच्याकडे एरवी ती पुढच्या दाराने येते.

"पावणो इलोहा काय गो?"

"नाय," आई म्हणाली.

"नाय, म्हटला शर्ट बरो आसा."

"बरो आसा म्हणानच घेतलंय."

"कोणाक गो?"

आईने तिला साखर दिली आणि वाटी परत मागितली नाही. आमच्यात ह्याचा अर्थ, परत येऊ नको.

त्यानंतर काका आले. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वरच्या घरात राहतात. बाग दोघा भावांच्या नावावर, सामाईक. हे सांगायचं कारण, काकांच्या मनात आलं तर आईला बागेत उतरणं कठीण होऊ शकतं. त्यांनी असं कधी केलेलं नाही. पण ते करू शकतात हे त्यांना माहीत, आईलाही माहीत, म्हणून ते आले की आई उभी राहते. त्या दिवशीही उभी राहिली. पदर डोक्यावर. मी मुद्दाम बसूनच राहिले.

काकांनी इकडचं तिकडचं केलं. काजूला भाव नाही. माकडं फार झाली. मग घसा खाकरला.

"लोका बोलतत," म्हणाले.

"काय बोलतत, भावोजी?"

"आता ता तुका मी काय सांगू? घराण्याचा नाव आसा. तुका शर्ट होयो होतो तर माका सांगूचा." त्यांनी हातातली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "हो घे. माझो जुनो आसा. बरो आसा अजून. हो घाल म्हणजे कोण बोलूचा नाय."

पिशवीत त्यांचा तपकिरी शर्ट होता. कॉलरीला तेलाचा डाग, बगलेत घामाचा. इस्त्री केलेला नव्हता, पण घडी घातलेली होती. काकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. किती सोपा उपाय काढला!

आता ह्यात काय आहे ते नीट बघा. स्वतः घेतलेला, कुणाच्याही अंगाला न लागलेला स्वच्छ नवा शर्ट आईने घातला तर घराण्याचं नाव जातं. पण परक्या बाईच्या नवऱ्याच्या घामाचा शर्ट तिने अंगावर घातला तर नाव राहतं. ह्याला लाज म्हणतात आमच्याकडे. ह्याला मर्यादा म्हणतात. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्याकडे न बघताच हाताने मला थांबवलं.

"भावोजी," ती म्हणाली. आवाज खाली, पदर जागच्या जागी. "हो शर्ट जाऊबायचो आसा. तिच्या घोवाचो. तिका इचारलास?"

काका गडबडले. "तिका काय इचारूचा?"

"ती आडाळ्यार काय घालून बसतली? तिचो घोव जितो आसा, तिका जुनो गावता. माझो नाय, म्हणान मी नवो घेतलंय. दुसऱ्या बायलेच्या घोवाचो शर्ट मी आंगार कित्याक घालू? ता बोलणाऱ्यांक बरा दिसात?"

काका उभे राहिले, परत बसले, चहा पिऊन गेले. पिशवी विसरले. मुद्दाम की काय, देव जाणे.

आईने तो शर्ट दोन दिवस खुंटीवर ठेवला. मग परड्यात मिरचीच्या वाफ्यात नेऊन काठ्यांच्या बुजगावण्याला घातला. वर माझी ती उलटी होणारी लेडीज छत्री, तिचं कापड फाटलेलं, पण माकडांना कुठे कळतं. लांबून हुबेहूब काका उभे राहिल्यासारखे दिसायचे. मला हसू आवरेना. आई म्हणाली, "हसा नको. भावोजींचा बरा आसा. माकडा येनत नाय." तिने ते टोमण्याने म्हटलं का मनापासून, मला अजून सांगता येणार नाही.

काकी ते बघायला आली. म्हणजे नवऱ्याचा शर्ट परत न्यायला आली आणि बुजगावण्यापाशी थांबली. मला वाटलं, आता भांडण. तिने आपल्या अंगावरचा शर्ट बोटांनी धरून पुढे ओढला. काकांचाच, दुसरा. काका उंच, काकी बारीक आणि ठेंगणी. बाह्या चार वेळा दुमडलेल्या, तरी सुटून बोटांवर यायच्या, आणि त्या लोंबत्या कफात चीक साचून तिची मनगटं आईपेक्षा वाईट भाजली होती. इतकी वर्षं ती त्याच बागेच्या वरच्या टोकाला राबते आहे आणि मी तिच्या मनगटांकडे कधी बघितलं नव्हतं, कारण तिच्या अंगावर शर्ट होता. नवरा आहे, शर्ट आहे, प्रश्न मिटला. माझ्या पत्रकालाही असंच वाटत होतं.

"तुझो खंय घेतलंस?" काकीने विचारलं. आवाज एकदम खाली.

"कट्ट्याक."

"ल्हान मापाचो आसात?"

आई तिच्या मनगटाकडे बघत होती. "आसतलो."

"आमच्या ह्यांका सांगू नको हां."

"दोरयेर दिसतलो तेंका."

काकीने सुटलेली बाही परत दुमडली. "दिसूंदे," म्हणाली. "तेंका वाटात तेंचोच."

म्हणजे बघा. जिचा नवरा जिवंत आहे तिला खोटंसुद्धा बोलावं लागत नाही, ते आपोआप घडतं. मला ह्याचाही राग आला. आईला नाही आला. ती म्हणते मला राग फार स्वस्त मिळतो. मी म्हणते तुला महागात पडतो म्हणून तू घेत नाहीस. आम्ही ह्यावर अजून भांडतो.

पुढच्या बाजाराला त्या दोघी गेल्या, मी पत्रकं घेऊन मागे. त्या दुकानात शिरल्या तेव्हा मी बाहेर पायरीवर उभी राहिले, आईनेच सांगितलं होतं, "तू आत येव नको, तुझी मराठी सुटता." दारातून सगळं दिसत होतं. आई ह्या वेळी डावीकडे वळली नाही. काकी वळली, आईने तिला पदराला धरून आणलं.

"कोणाक होयो?" दुकानदार. तोच प्रश्न, तोच आवाज.

काकीचं तोंड उघडलं. मला खात्री होती, ती म्हणणार, झिलाक, मुलाला. तिला झील आहेच, मुंबईत. खोटं बोलायला सगळी सोय.

आईने तिचा हात पुढे धरला आणि बाही मनगटावरून वर सरकवली. ते काळं, सोललेलं मनगट काउंटरवर ठेवलं, मोजायला कापड ठेवावं तसं.

"ह्येका," आई म्हणाली.

दुकानदाराने बघितलं. मग मागे वळून त्याने सगळ्यात लहान मापाचे बॉक्स काढले. प्रत्येकावर तोच टायवाला बाप्या. त्याने माफी मागितली नाही, पाटी बदलली नाही, ट्रायल रूम उघडली नाही. ह्याला विजय म्हणणारी माझ्या गटात आहे एक, तिला मी म्हटलं, आधी तो बाप्या बॉक्सवरून उतरू दे. एक शर्ट विकला गेला एवढंच झालं. आणि आजही तिसऱ्या घरातली आमच्याकडे मागच्या दारानेच बघते.

परतीच्या एस.टी.त काकीने बॉक्स उघडला. हिरवा होता, पानाच्या रंगाचा. तिने कॉलर हुंगली. नव्या कापडाचा वास. मला वाटतं, तो वास तिच्या कामाच्या कपड्याला पहिल्यांदाच येत होता.

"घराक गेल्यावर बोंडू घासतंय," ती आईला म्हणाली. आईचे डाग तिने बघितले होते, तिला वाटलं ती रीतच आहे. "खंय खंय घासू? कॉलरीर?"

आई खिडकीबाहेर बघत होती. तिने आपल्या निळ्या शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला. तोच घालून ती बाजाराला आली होती, साडीवर, डागांसकट, खिशात फोन. ते डाग आता कधीच जाणार नाहीत.

"खंयच नको," ती म्हणाली. "नवोच घाल."